मदत हवी आहे: बिनअंड्याचं लो-कार्ब थालीपीठ उलटताना तुटतंय

कमी कर्बोदकं, भरपूर स्निग्धांश असा नाश्ता हवाय. अंडं चालत नाही. दोन थालीपिठांचं प्रमाण: बदामपूड ४० ग्रॅम, जवसाची पूड २० ग्रॅम, किसून घट्ट पिळलेला दुधी अर्धी वाटी, इसबगोल १ चमचा, तीळ, ओवा, मिरची, मीठ. ग्लूटेन नसल्यामुळे सगळी भिस्त इसबगोलावर. गोळा १० मिनिटं झाकून ठेवला की चिकटपणा येतो, तरी उलटताना मधल्या भोकापासून चीर जातेच. इसबगोल २ चमचे केला की आतून गिळगिळीत! मंद आच, २ चमचे तूप, झाकण ठेवून ५ मिनिटं. किसलेल्या पनीरने बांधणी सुधारेल का? किती घालू? बेसन सुचवू नका, ५० ग्रॅममध्येच २५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं जातात.