शब्दचर्चा : गाठ, अर्बुद, पुटी आणि दाह

वेलांटी
रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना एका साध्या दिसणाऱ्या वाक्यापाशी माझे काम अडले आहे. आशय असा, की हाताला लागणारी प्रत्येक गाठ हा ट्यूमर नसतो, प्रत्येक ट्यूमर हा कर्करोग नसतो आणि सिस्ट तर बहुधा या दोहोंपैकी काहीच नसते. ट्यूमरला 'गाठ' म्हटले, तर 'प्रत्येक गाठ ही गाठ नसते' असे वेडगळ वाक्य तयार होते. 'अर्बुद' लिहिले, तर मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात 'हे रुग्णाला कोण समजावणार?' असा शेरा मारला. सिस्टसाठी पुटी, कोष्ठ आणि द्रवार्बुद असे तीन शब्द सापडले. पहिला वाचून पुटकुळी आठवते, दुसरा वाचून बद्धकोष्ठ, आणि तिसऱ्यात अर्बुदच ठाण मांडून बसले असल्यामुळे जी भीती घालवायची तीच पुन्हा मनात भरते. पुढच्या प्रकरणात इन्फेक्शन (संसर्ग) आणि इन्फ्लमेशन (दाह) हेही आहेत, पण ते नंतर पाहू. तूर्त या दोन शब्दांसाठी आपण काय लिहाल?

रफार
'अर्बुद' हाच शब्द लिहावा आणि समासातला शेरा खोडून टाकावा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन वाटोळे, स्थिर, मंद वेदनेचे, मोठे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असे केले आहे. यातले 'स्थिर' आणि 'न पिकणारे' हे शब्द गाठ बोटांनी चाचपून पाहणाऱ्या वैद्याचे आहेत, घोकंपट्टी करणाऱ्याचे नव्हेत. एका अर्बुदाच्या जागी दुसरे उपजले, तर त्यालाही 'अध्यर्बुद' असे वेगळे नाव आहे. इतकी तयारी घरात असताना ट्यूमर उसना आणण्याचे कारण मला दिसत नाही. शब्द अवघड वाटतो, कारण आपण तो वापरत नाही.

अनुस्वार
रफार यांचे संस्कृत वादातीत आहे, परंतु पत्रक सुश्रुताला वाचायचे नाही. सोनोग्राफीच्या अहवालातला 'सिस्ट' हा शब्द तोंडात घेऊनच रुग्ण खोलीत शिरतो. त्याच्या हातात 'बीजकोशातील द्रवार्बुद' ठेवले, तर आपल्याला दुसराच, अधिक मोठा आजार झाला आहे अशी त्याची समजूत होईल. शिवाय ज्या 'कर्करोगा'चे आपण घरचा म्हणून कौतुक करतो, तोही खेकड्यावरून पडलेल्या ग्रीक नावाचा तर्जुमाच आहे, आणि बोलताना लोक कॅन्सरच म्हणतात. माझ्या मते लोकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ते चरबीची गाठ म्हणतात, पाण्याची गाठ म्हणतात आणि कॅन्सरची गाठ म्हणतात. 'गाठ' हे कुळाचे नाव ठेवावे आणि पुढे विशेषण लावावे.

बिनटाक्याचा
मी शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात असल्यामुळे 'पाण्याच्या गाठी'विषयी एक आक्षेप नोंदवतो. सिस्टमध्ये पाणीच असते असे नाही. त्वचेखालच्या नेहमीच्या सिस्टमध्ये केराटिनचा, म्हणजे त्वचेतल्या आणि केसांतल्या प्रथिनाचा, घट्ट, पांढरट आणि उग्र वासाचा लगदा असतो. बीजकोशातल्या डर्मॉइड सिस्टमध्ये केस आणि क्वचित दातही सापडतात. सिस्टचे मर्म आतल्या ऐवजात नाही, भोवतीच्या अस्तरात आहे. नुसते दाबून आतले बाहेर काढले आणि अस्तर मागे राहिले, तर गाठ पुन्हा भरते. म्हणून मी रुग्णाला 'पिशवीची गाठ' असे सांगतो आणि पिशवी सबंध काढायची असते हे त्याला लगेच उमजते. परजीवी कृमीमुळे होणाऱ्या हायडॅटिड सिस्टमध्ये तर ही पिशवी फुटू न देणे हाच निम्मा उपचार असतो, कारण सांडलेल्या द्रवाने तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते आणि त्यातल्या परजीवीच्या अंशांपासून पोटात नव्या गाठी रुजू शकतात.

उलट, पीसीओएस या स्त्रियांच्या संप्रेरकांशी निगडित विकारात ज्यांना सिस्ट म्हणतात त्या मुळात सिस्ट नाहीतच. त्या वाढ अर्धवट थांबलेल्या बीजपुटिका असतात. तेव्हा इंग्रजी शब्द अचूक आणि मराठी शब्द ढोबळ, असेही कोणी समजू नये.

ट्यूमरविषयी इतकेच, की 'निरुपद्रवी गाठ' हा शब्दप्रयोग कृपया टाळावा. मेंदूच्या आवरणातला मेनिन्जिओमा बहुतेकदा कर्करोगाचा नसतो, तरीही कवटीच्या आत जागाच नसल्यामुळे त्याच्या दाबाने झटके येऊ शकतात किंवा दृष्टी अधू होऊ शकते. 'सौम्य' म्हणावे. तो शब्द पेशींच्या स्वभावाविषयी बोलतो, परिणामांची हमी देत नाही.

उकार
मला अधिक धोका पुढच्या प्रकरणात दिसतो. माझ्या आत्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. तिला दिलेल्या कागदावर 'मोठ्या आतड्याचा दाह' असे छापलेले होते. दाह म्हणजे आग, आगीवर उतारा थंडाव्याचा, असे गणित मांडून तिने थंड पदार्थांचा सपाटा लावला आणि गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. शौचावाटे रक्त जाऊ लागले तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि गोळ्या त्या यंत्रणेला आवरण्यासाठी असतात, हे त्या एका शब्दामुळे तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही.

रफार
याच कारणासाठी इन्फ्लमेशनला 'शोथ', म्हणजे सूज, हा शब्द हवा. वृक्कशोथ (मूत्रपिंडाचा), यकृतशोथ, आंत्रपुच्छशोथ (अपेंडिक्सचा) असे सर्व शब्द त्यापासून सुटसुटीत घडतात.

अनुस्वार
छापखान्यात 'यकृतशोथ' हमखास 'यकृतशोध' होतो. मुद्रिते तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे हे मत आहे.

कोशकीटक
थोडे मागे जाऊन पाहिले, तर भांडण फार जुने असल्याचे ध्यानात येते. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन वैद्यकलेखकाने इन्फ्लमेशनची 4 लक्षणे सांगितली. ती म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्यातल्या सुजेसाठी त्याने वापरलेला लॅटिन शब्द 'ट्यूमर' हाच आहे. म्हणजे आज आपण ज्यांच्यात भेद करू पाहतो, ते दोघे तेव्हा एकाच नावाने नांदत होते. रफार यांनी उद्धृत केलेल्या सुश्रुताच्या श्लोकातही अर्बुदाला मांस वाढून झालेला 'शोफ' म्हटले आहे, आणि शोफ हा शोथाचाच भाऊ. इन्फ्लमेशन या शब्दातही ज्वाळा आहे, त्यामुळे 'दाह' ही काही आपल्या भाषांतरकारांची चूक म्हणता येत नाही. 'विद्रधी' म्हणजे गळू, त्या शब्दाच्या मुळाशीही लवकर विदाह (जळजळ) होणे हीच कल्पना चरकाने सांगितली आहे.

सर्वांत मौजेचा शब्द काळपुळी. मधुमेह्यांच्या मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचे मोठे गळू होते, त्याला काळपुळी म्हणतात, आणि ॲन्थ्रॅक्स या गुरांपासून माणसांना होणाऱ्या जिवाणूजन्य रोगालाही काळपुळी म्हणतात. ॲन्थ्रॅक्स म्हणजे ग्रीकमध्ये कोळसा आणि कार्बंकल (अशा गळवाचे इंग्रजी नाव) म्हणजे लॅटिनमध्ये छोटा कोळसा. तिन्ही भाषांना जखमेत काळाच रंग दिसला.

बिनटाक्याचा
व्युत्पत्ती रंजक आहे, पण दवाखान्यात मला 'सूज' या शब्दाचा सर्वांत अधिक त्रास होतो. हृदय अशक्त झाल्यामुळे पायांत पाणी उतरते तेव्हा बोटाने दाबल्यावर तिथे खळगा राहतो. तिथे लाली नाही, ऊब नाही आणि जंतूही नाहीत. उपचार मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) औषधांचा आणि हृदयाचा. गाऊटमध्ये पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद होतो आणि त्यावर पांघरूणही सहन होत नाही, परंतु तो प्रताप युरिक आम्लाच्या स्फटिकांचा असतो. तिसऱ्याला गळू होते, त्यात पू असतो आणि तो बहुतेकदा चिरा देऊनच काढावा लागतो. तिघेही 'सूज आली आहे, अँटिबायोटिक द्या' म्हणतात. पहिल्या दोघांना त्याचा काडीचा उपयोग नाही आणि तिसऱ्याला नुसत्या गोळ्या बहुधा पुऱ्या पडत नाहीत.

वेलांटी
सर्वांचे आभार, परंतु माझे मूळ वाक्य अजून जागचे हललेले नाही. 'गाठ, अर्बुद आणि पिशवीची गाठ' अशी त्रयी धरावी का?

उकार
वाक्याकडे येऊच, पण त्याआधी 'संसर्ग' हा शब्द निकाली काढावा लागेल. शेजारच्या एका मुलीला मूत्रमार्गाचा संसर्ग झाल्याचे कळताच घरच्यांनी तिचे ताट-वाटी वेगळी केली. हा विकार बहुधा स्वतःच्याच आतड्यातल्या जिवाणूंमुळे होतो आणि तो कोणाला लागत नाही. 'संसर्ग' म्हणजे संपर्क, हा अर्थ लोकांच्या डोक्यातून जात नाही.

रफार
मग 'जंतुबाधा' म्हणावे.

अनुस्वार
'बाधा' म्हटले की लोक उतारा शोधू लागतात. इन्फेक्शन हा शब्द आता मराठीच आहे, तोच राहू द्यावा. 'लागण' मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांसाठीच राखावा.

बिनटाक्याचा
शब्द वेगळे ठेवणे गरजेचे आहे, पण रोगांच्या भिंती तितक्या पक्क्या नाहीत, हेही पत्रकात यावे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षे राहतो. तो 1982 मध्ये प्रयोगशाळेत प्रथम वाढवला गेला आणि त्या शोधाला 2005 चे नोबेल मिळाले. संसर्ग त्याचा, त्यातून जठराचा दीर्घकालीन दाह, काहींना व्रण आणि थोड्यांना पुढे कर्करोग. गंमत म्हणजे हा 'दाह' पुष्कळांना जाणवतही नाही. जठराच्या एका विशिष्ट प्रकारच्या लिंफोमात (लसिकापेशींच्या कर्करोगात) तर, तो लवकर सापडल्यास, या जिवाणूचा नायनाट केल्यावर अनेक रुग्णांची गाठ विरून जाते. आता त्या गाठीला अर्बुद म्हणावे की संसर्गाची गाठ, हे रफार यांनी ठरवावे.

रफार
अर्बुदच. कारण कोणतेही असो, नाव रूपावरून पडते.

कोशकीटक
रूपावरून नावे ठेवण्यात तर बोली मराठीचा हात कोणी धरू शकणार नाही. पापणीच्या कडेला रांजणवाडी, नखाच्या कडेला नखुरडे, केसाच्या मुळाशी केसतूड, त्वचेखाली लिबलिबीत आवाळू आणि पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण. अवधाणाला एका शब्दात पर्याय सुचवून दाखवावा.

बिनटाक्याचा
अवधाण हा शब्द मी वैद्यकीय नोंदीतही लिहायला तयार आहे, कारण त्यात निदानाची दिशा आहे. जांघेतली लसिकाग्रंथी सुजली की पाऊल आणि बोटांच्या बेचक्या तपासायच्या. जखम भरली की ती बहुधा आपोआप बसते. तीन-चार आठवड्यांनंतरही ती बसली नाही, टणक लागली किंवा वाढत गेली, तर मात्र सुईने पेशी काढून तपासाव्या लागतात.

उकार
हाताच्या जखमेमुळे काखेत ग्रंथी सुजली, तर तिलाही अवधाणच म्हणायचे ना? आमच्या आजीने तिला काखमांजरी म्हटल्याचे मला पक्के आठवते.

बिनटाक्याचा
काखमांजरी निराळी. ती काखेतल्या केसांच्या मुळाशी पू होऊन होते, फुटते आणि पुन्हा पुन्हा येते. तिचा हाताच्या जखमेशी संबंध नाही.

कोशकीटक
आजी आणि शल्यविशारद यांच्यात मतभेद असेल, तर शब्दार्थापुरता मी आजीच्या बाजूने आहे.