हिरवं की लाल?
ताई, सासऱ्यांना शुगर आहे म्हणून महागडं हिरवं सफरचंदच आणावं का, असं तुम्ही विचारलंत. तेवढ्यासाठी नका आणू. १०० ग्रॅम ग्रॅनी स्मिथमध्ये (हेच ते हिरवं सफरचंद) साधारण ९.५ ग्रॅम साखर, फुजी या लालसर जातीत ११.५, फरक एवढाच. हिरव्याचा आंबटपणा मॅलिक आम्लाचा, साखर त्यातही असतेच. उलट लाल डेलिशियस जातीच्या सालीत अँथोसायनिन हे उपयोगी लाल रंगद्रव्य भरपूर. कोणतंही आणा, पण स्वच्छ धुऊन सालीसकट द्या. चावत नसेल तर बारीक चिरा, रस मात्र नको. चोथाच खरा कामाचा. आणि क जीवनसत्त्वासाठी घेत असाल, तर थंडीत आपल्या जालना-परभणीच्या बाजारात येणारा पेरू कितीतरी सरस. सफरचंदात १०० ग्रॅमला ते जेमतेम ५ मिलिग्रॅम, पेरूत २००च्या वर!