नागपुरात राहणाऱ्याने हायड्रोजनच्या गाडीची वाट पाहावी का?

लक्ष्मीनगरकर
मार्च 2022 मध्ये नितीन गडकरी टोयोटाच्या मिराई या हायड्रोजन गाडीतून संसदेत गेले, तेव्हापासून या इंधनाविषयी मला कुतूहल आहे. सायलेन्सरमधून केवळ पाणी बाहेर पडते, टाकी पाच मिनिटांत भरते आणि एकदा भरली की सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर जाता येते, असे वाचले. आमची पेट्रोलची गाडी आता जुनी झाली आहे. बॅटरीची गाडी घ्यावी, की आणखी चार-पाच वर्षे थांबावे? समृद्धी महामार्गाने मुंबईला वरचेवर जाणे होते, त्यामुळे चार्जिंगला लागणारा वेळ खटकतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिंगणा_अभियंता
आपण वाचलेले सारे खरे आहे. अडचण आहे ती हायड्रोजन गाडीत येण्याआधीची. हा वायू तयार करावा लागतो, आणि आज जगात तो बहुतांशी नैसर्गिक वायू व कोळशापासूनच तयार होतो. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायचा, तर सुमारे 55 युनिट वीज लागते आणि तो 700 बार दाबाने (हवेच्या दाबाच्या सुमारे 700 पट) भरायला आणखी काही युनिट खर्ची पडतात. मिराईच्या टाक्यांत 5.6 किलो वायू मावतो. प्रत्यक्ष रस्त्यावर किलोमागे शंभर किलोमीटर धरू. तेवढेच अंतर मध्यम आकाराची बॅटरी गाडी 15 ते 18 युनिटांत कापते, म्हणजे हायड्रोजनला तिपटीहून अधिक वीज लागली. ही वीज कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाची असेल आणि युनिटमागे सुमारे 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर किलोमीटरला अर्धा किलो पडतो; आपली पेट्रोलची गाडी त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकाच सोडत असेल. सौर किंवा पवन विजेपासून केलेला हायड्रोजन निश्चितच स्वच्छ आहे, परंतु ती वीज थेट बॅटरीत भरता येत असताना तिचा एवढा मोठा भाग वाटेत दवडणे मला तरी पटत नाही.

बुटीबोरी_वायू
दाबाखालील वायूंशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून पंपाविषयी लिहितो. वेगाने भरताना टाकीतील हायड्रोजन तापतो, त्यामुळे 700 बारच्या पंपावर तो आधी उणे 40 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात ही यंत्रणा अखंड चालवण्यासाठी किती खर्च येईल, याची कल्पना करावी. या वायूला वास नाही, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि घरगुती गॅसमध्ये मिसळतात तसे गंधकयुक्त वासाचे द्रव्य इथे चालत नाही, कारण गंधकामुळे फ्युएल सेलमधील (गाडीत हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या भागातील) प्लॅटिनम निकामी होते. म्हणून सारी भिस्त गळती हेरणाऱ्या सेन्सरवर. उघड्यावर तो झपाट्याने वर निघून जातो हे खरे, पण बंद गॅरेजमध्ये छताखाली साचू शकतो.

रामदासपेठ
खासगी गाड्यांसाठी हे पंप चालवणे परदेशातही परवडलेले दिसत नाही. शेलने 2024 मध्ये कॅलिफोर्नियातील मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले. आपल्या सरकारनेही मार्च 2025 मध्ये 37 बस-ट्रक आणि नऊ पंपांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले, आणि मला ही दिशा योग्य वाटते. ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या अवजड वाहनांना मोजके पंप पुरतात, शिवाय मोठ्या बॅटरीच्या वजनामुळे घटणारी मालवहनक्षमता वाचते. त्याही आधी हिरवा, म्हणजे सौर-पवन विजेपासून केलेला, हायड्रोजन खतकारखाने आणि तेलशुद्धीकरणाला मिळावा, कारण तिथे तो आजही लागतोच. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, तेव्हा मिराईलाही वाटेत एकदा पंप लागेलच. आपण बॅटरीची गाडी घ्यावी.

लक्ष्मीनगरकर
सर्वांचे मनापासून आभार. बॅटरीची गाडी घेण्याचे नक्की करतो. जालना ते शिर्डी या टप्प्यातील जलद चार्जर रात्रीही सुरू असतात का, हे त्या मार्गाने नियमित जाणाऱ्या कोणी कळवले तर बरे होईल.