मदत हवी आहे: आईच्या पायाला पायोडर्मा गँग्रिनोसम, कातडी लावू द्यावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. रोप लावणीच्या दिवसांत आईच्या नडगीवर एक पुळी आली. ती फुटली आणि बघता बघता तळहाताएवढी जखम झाली. कडा जांभळट, आतून पोखरलेली. ड्रेसिंग करताना कापसाची काडी कडेखाली सहज सरकते. ठणका असा, की पांघरूण टेकलं तरी ओरडते.

एका दवाखान्यात जंतुसंसर्ग समजून जखम खरवडून साफ केली, तर ती आणखी पसरली. शुगर नॉर्मल, डॉपलरही (पायाच्या रक्तप्रवाहाची तपासणी) ठीक. शेवटी बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी कडेचा तुकडा तपासायला पाठवला, इतर कारणं बाजूला काढली आणि हे निदान सांगितलं. हे जंतूंमुळे नाही आणि गँगरीनही नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशीच कातडीवर उलटतात म्हणे. आईला जुना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, त्यानं जुलाब होतात. आतड्याच्या अशा आजारात, संधिवातात, रक्ताच्या काही विकारांतही हे होतं. पण पायाची जखम दाखवायला गेल्यावर जुलाबाचं कोण विचारतंय!

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झाल्यापासून ठणका उतरलाय, जखम मात्र तेवढीच. आता सर्जन म्हणतात मांडीची कातडी काढून जखमेवर लावून टाकू. त्वचेचे डॉक्टर नको म्हणतात: आजार जोरात असताना सुरी लावली तर जखम वाढेल, शिवाय मांडीवरची कातडी काढली तर तिथंही नवी जखम होऊ शकते. मला हे पटतं. मामांना पटत नाही, त्यांना एकदाचं ऑपरेशन करून मोकळं व्हायचंय.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा आजार झालाय का? जखम भरायला किती वेळ लागला? २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत प्रेडनिसोलोन असो वा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध), सहा महिन्यांत निम्म्याहून थोडे कमीच बरे झाले होते, त्यामुळे घाई करत नाही. पॅराफिन गॉज (मेणचट जाळीची पट्टी) सोडवताना कडा सोलते, त्यावर काय करता? आणि इन्फ्लिक्सिमॅब, हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन, कुणी घेतलंय का? टीबीची तपासणी करून घ्या, मग बघू, असं डॉक्टर म्हणालेत.

लेप, भस्म, झाडपाला कृपया सुचवू नका, गावात सुचवणारे भरपूर आहेत.

शेवटचं, पैशाचं. आमचं गाव महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांमध्ये आहे. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोल्हापूर-मिरजेकडं कुणी उपचार घेतलेत का? कर्नाटकच्या रेशनकार्डावर काम झालं, की वेगळा दाखला लागला?