कान्होजी आंग्रे: सरखेली १६९८ ची की १७१४ ची? (झांकीचे फलक)

लष्करवाला, ग्वाल्हेर
यंदा गणपतीत आमच्या मंडळाची झांकी कान्होजींवर आहे. तीन फलक आणि पुठ्ठ्याचं एक गुराब (आंग्र्यांचं लढाऊ जहाज). सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाल्याचं साल कुठे १६९८ दिसतं, कुठे १७१३, कुठे १७१४. फलक रंगवायला देण्याआधी एकच काहीतरी ठरवायचंय. सुवर्णदुर्गाची हकीकत घालावी का? आणि गुराबाला डोलकाठ्या किती, तोफा कुठे?

मोडीवाचक
एकच साल ठरवू नका, दोन घटना आहेत. आधीचे आरमारप्रमुख सिधोजी गुजर १६९८ मध्ये वारले आणि आरमार कान्होजींच्या हाती आलं. पुढे ते ताराबाईंच्या बाजूला राहिले. १७१३ मध्ये शाहूंनी बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच पकडून लोहगडावर ठेवलं! मग बाळाजी विश्वनाथांना १७ नोव्हेंबर १७१३ ला पेशवेपद मिळालं आणि बोलणी त्यांनी केली. १७१४ च्या सुरुवातीच्या तहात सरखेली कायम झाली. सोबत १० किल्ले आणि १६ लहान ठाणी. म्हणून फलकावर ‘१६९८: आरमाराची सूत्रं’ आणि ‘१७१४: शाहूंकडून पद कायम’ अशा दोन ओळी घ्या.

१७१३ की १७१४ हा घोळ बऱ्याचदा सुहूर सनामुळे, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरच्या कालगणनेमुळे, होतो. ‘अर्बा अशर मया व अलफ’ म्हणजे १११४. त्यात सरसकट ५९९ मिळवले की १७१३ येतं. पण हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे. पेशवेपद आणि तह दोन्ही याच एका सनात बसतात, इसवी सन मात्र वेगळं.

लहानपणाबद्दल हात आखडता घ्या. मूळ आडनाव संकपाळ, गाव आंगरवाडी, त्यावरून आंग्रे. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत. जन्म साधारण १६६९ चा धरतात, तेव्हा ‘सुमारे’ लिहाच. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार अचलोजी मोहिते सिद्दीला फितूर झाला आणि कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला राखला, ही १६८८ च्या सुमाराची हकीकत. जरूर घाला, फक्त ‘परंपरेनुसार’ हा शब्द गाळू नका.

गलबत
गुराबाकडे वळतो, कारण झांक्यांत हमखास इंग्रजी फ्रिगेटच उभं राहतं: उंच नाळ (जहाजाचं पुढचं टोक), चौकोनी शिडं, दोन्ही कुशींना (बाजूंना) तोफांच्या रांगा. गुराबाची नाळ पुढे लांब निघालेली आणि मुख्य तक्तपोशीपेक्षा (डेकपेक्षा) खाली असते. दोन्हींच्या मध्ये आडवी भिंत, तिला दोन झरोके, त्यातून ९ ते १२ पौंडी (गोळ्याच्या वजनावरून) दोन तोफा नाळेवरून थेट समोर रोखलेल्या. ही भिंत करायची राहून गेली तर तोफा हवेत टांगल्यासारख्या दिसतील. कुशीच्या तोफा ६ ते ९ पौंडी, म्हणजे नाळेवरच्यांपेक्षा बारीकच करा. दोन डोलकाठ्यांचं गुराब साधारण १५० टनी, तीन डोलकाठ्यांचं ३०० टनी. पुठ्ठ्यात दोनच पुरेत, तिसरी लावली की मधला भाग वाकतो.

जागा असेल तर शेजारी एक गलबत ठेवा, त्याशिवाय लढाई कळत नाही. गलबत फार तर ७० टनी, ४०–५० वल्ही, वजन वाचावं म्हणून वर चिरलेल्या बांबूची तक्तपोशी, पुढे एक मोठं तिकोनी शीड आणि मागे एक छोटं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला आणत. तिथे तोफा कमी, आणि आंग्र्यांचा मारा मुख्यतः समोर. त्यामुळे मांडणी करताना इंग्रजी जहाजाची पिछाडी गुराबाच्या नाळेकडे हवी. समोरासमोर कूस लावून ठेवलंत तर सगळं उलटं होईल.

लष्करवाला, ग्वाल्हेर
आभारी आहे. आमचं गुराब अगदी फ्रिगेटच झालं होतं, नाळ कापून खाली घेतो. एक राहिलं: १७२१ च्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावरच्या इंग्रज-पोर्तुगीज मोहिमेच्या दोन दोन तारखा दिसतात.

मोडीवाचक
दोन्ही बरोबर असू शकतात. पोर्तुगीज नवी (ग्रेगोरियन) दिनगणना वापरत, इंग्रज १७५२ पर्यंत जुनी (ज्युलियन). इंग्रजांच्या तारखेत ११ दिवस मिळवा आणि जुळतं का बघा. शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे त्यांच्या कागदावरचा ‘जानेवारी १७२१’ आपल्या हिशेबाने १७२२. फलकावर ‘डिसेंबर १७२१’ एवढंच लिहा.