फुल फेस मास्क: पट्टे आवळले तरी पहाटे डोळ्यांत हवा, नाकावर वळ

वाटसरू

वडिलांसाठी विचारते आहे. वय ७१, ऑटो सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं, दाब आपोआप बदलणारं यंत्र), दाबाची मर्यादा ६ ते १४ सेंमी पाणी. मास्क फुल फेस, मध्यम आकाराचा, चार पट्ट्यांचा. खालच्या दोन पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा आहेत. झोपताना मास्क छान बसलेला असतो. पहाटे तीनच्या पुढे वरच्या कडेतून डोळ्यांत हवा जायला लागते. मग ते अर्धवट झोपेत वरचे पट्टे आवळतात आणि गळती थांबण्याऐवजी वाढते. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ असतो, तो दुपारपर्यंत जात नाही.

ॲपमधले आकडे: दाब ९५ टक्के वेळ ११.८ च्या आत, गळती ९५ टक्के वेळ ३८ लिटर प्रति मिनिटच्या आत, एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो तो आकडा) ३.४. यंत्र रेसमेड कंपनीचं आहे. रात्री ते कवळी काढून ठेवतात आणि बहुतेक वेळ कुशीवर झोपतात.

एक आकार मोठा मास्क घ्यावा का? की पट्टे लावण्यातच काही चुकतंय?

श्वासमापी

पहाटे तीननंतर त्रास होतो, यावरूनच बरंच काही कळतं. झोपताना दाब ६ च्या आसपास असतो आणि तुम्ही पट्टे त्या दाबाला लावता. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नावस्थेची झोप जास्त असते, घशाचे स्नायू आणखी सैलावतात आणि ऑटो यंत्र दाब ११-१२ पर्यंत नेतं. एक सेंमी पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंमीवर जवळपास एक ग्रॅम भार. मास्कखालचं क्षेत्र ७० चौरस सेंमी धरलं, तर ६ च्या दाबाला हवा मास्कला सुमारे ४२० ग्रॅमने चेहऱ्यापासून दूर ढकलते आणि १२ ला सुमारे ८४० ग्रॅमने. म्हणजे झोपताना बसलेला मास्क आणि पहाटेचा मास्क यांना वेगवेगळा ताण लागतो.

पण म्हणून झोपतानाच करकचून आवळणं हा उपाय नाही. मास्कच्या सिलिकॉनच्या कुशनला, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाला, बहुधा दोन थर असतात. आतली पातळ कड हवेने फुगते आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागावर टेकते. हवा अडते ती या फुगलेल्या कडेमुळे. पट्टे जास्त ओढले की ती कड चपटी होते, तिला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीतून हवा निसटते. बाबा आवळतात आणि गळती वाढते ती याचमुळे. वळही त्याचाच, कारण नाकाच्या हाडावर त्वचेखाली मांस जवळपास नसतंच.

मास्क पुन्हा पहिल्यापासून लावा, आणि तो दिवसा, सवडीने लावा. बाबांनी नेहमीच्या उशीवर आडवं व्हायचं, कवळी काढलेली हवी. बसल्यावर आणि आडवं झाल्यावर गालांचा आकार बदलतो, म्हणून बसून लावलेला मास्क जमेत धरू नका. चारही पट्टे सैल करा. कुशनची खालची कड खालच्या ओठाच्या आणि हनुवटीच्या मधल्या खळग्यात टेकवा आणि मग मास्क वर नाकाकडे टेकवत न्या, उलट क्रमाने नाही. डोक्यामागचा पट्टा मानेवर घसरलेला नको.

आता यंत्र सुरू करा. यंत्राच्या मेनूत मास्क फिटचा पर्याय असेल तर तोच वापरा, कारण तो रॅम्प (दाब हळूहळू चढवण्याची सोय) बाजूला ठेवून काही मिनिटं जास्त दाबाची हवा देतो. हवा सुरू असताना मास्क दोन्ही हातांनी धरून चेहऱ्यापासून सरळ बाहेर ओढा, कुशन फुगू द्या आणि हळूच परत टेकू द्या. सगळ्यात जास्त फायदा याच कृतीचा होतो आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. त्यानंतर वरचे दोन पट्टे एकाच वेळी, दोन्ही बाजूंना सारखे, वेल्क्रो अर्धा सेंमी सरकवत ओढा. गळती थांबली की तिथेच थांबा. मग खालचे दोन, तसेच. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज जायला हवीत. शेवटी डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर वळायला सांगा, तोंड किंचित उघडायला सांगा आणि हवा कुठून येते ते ओल्या बोटाने तपासा.

बसलेली जागा सापडली की वेल्क्रोच्या टोकाशी पट्ट्यावर पेनाने खूण करा. हेडगिअर (डोक्याचे पट्टे) धुतल्यावर किंवा झोपेत ओढाताण झाल्यावर तिथेच परत येता येतं. रोज काढताना-घालताना वेल्क्रो उघडू नका, क्लिपाच उघडा. क्लिपा त्यासाठीच असतात.

पाणकळा

वरच्याशी सहमत, पण आकाराबद्दल स्पष्ट सांगते: मोठा मास्क घेऊ नका. वरच्या कडेने डोळ्यांत हवा जाणं हे अनेकदा मास्क लांबीला जास्त असल्याचं लक्षण असतं. कुशनचं टोक नाकाच्या हाडावर गरजेपेक्षा वर, डोळ्यांच्या कोपऱ्यांपाशी पोचतं; तिथे दोन्ही बाजूंना खळगे असल्यामुळे कड टेकतच नाही. उलट मास्क लहान असेल तर खालची कड ओठावर चढते आणि हवा तोंडाच्या कोपऱ्यांतून जाते.

तुमच्या बाबतीत कवळी महत्त्वाची आहे. कवळी काढली की ओठ आत जातात, गाल बसतात आणि नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर कमी होतं. माप कवळीसह घेतलं असेल तर रात्री तोच मध्यम मास्क मोठा ठरतो. कंपनीच्या मापपट्टीने पुन्हा माप घ्या: कवळी काढून, तोंड अगदी थोडं उघडं ठेवून. मध्यम आणि लहानच्या सीमेवर आलं तर लहान आधी घालून बघा.

नाकावरचा वळ दुपारपर्यंत टिकतो हे मला गळतीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. वळावर बोट दाबून सोडा. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल होत असेल तर त्वचा अजून तग धरून आहे. दाबल्यावरही लालच राहत असेल तर ती दाबाने होणाऱ्या जखमेची पहिली पायरी आहे. त्या जागेवर आता दाब येता कामा नये. अशा वेळी नाकाच्या हाडाला न टेकणारा फुल फेस मास्क घ्या, ज्याचं कुशन नाकपुड्यांखाली बसतं आणि तोंडही झाकतं. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवाच. पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी (त्वचेला चिकटणारी, जेलसारखी मऊ पट्टी) लावता येते, पण ती जाड असेल तर कुशनखाली नवी फट तयार होते. व्हॅसलीन किंवा तेलकट क्रीम मास्कखाली नको: सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं.

निद्रातंत्र

मास्क बदलायच्या आधी एक प्रश्न, आणि याचं उत्तर आजच द्या. क्लिपा चुंबकाच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. बाबांना पेसमेकर, डिफिब्रिलेटर (हृदयाला गरजेला झटका देणारं उपकरण), मेंदूतली धातूची क्लिप, डोक्यातला शंट (पाण्याचा निचरा करणारी नळी) किंवा शरीरात बसवलेलं दुसरं एखादं उपकरण आहे का? त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या कुणाला?

वाटसरू

हो, बाबांना पेसमेकर आहे. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली. मास्क देताना हे कुणी विचारलं नव्हतं.

मापपट्टीने कवळीशिवाय माप घेतलं: लहान आकार निघाला. वळावर बोट दाबलं तर पांढरा पडतो.

निद्रातंत्र

मग चुंबकाची क्लिप आज रात्रीपासून नको. चुंबक जवळ आला की पेसमेकर ठरावीक गतीच्या वेगळ्या अवस्थेत जाऊ शकतो आणि डिफिब्रिलेटर झटका देणं थांबवू शकतो. म्हणूनच मास्क बनवणाऱ्या कंपन्यांनी चुंबक अशा उपकरणांपासून किमान १५ सेंमी म्हणजे ६ इंच लांब ठेवण्याच्या, आणि ज्यांना अशी उपकरणं आहेत त्यांनी असे मास्क वापरू नयेत अशा सूचना काढल्या आहेत. बसलेल्या माणसात जबड्याजवळची क्लिप लांब वाटते. कुशीवर झोपून हनुवटी छातीकडे झुकली की ते अंतर झपाट्याने कमी होतं, आणि काढलेला मास्क झोपेत छातीवर पडला तर अंतर उरतच नाही.

बऱ्याच मास्कना बिनचुंबकाच्या प्लॅस्टिक क्लिपा वेगळ्या मिळतात. मास्क देणाऱ्याकडे मॉडेलचं नाव सांगून त्या मागा. त्या मॉडेलला मिळत नसतील तर दुसरा मास्क घ्या. नाहीतरी आकार बदलायचाच आहे. आज रात्रीपुरता बिनचुंबकाचा दुसरा मास्क मिळत नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. उपचार किती रात्री थांबवायचा हे स्वतः ठरवू नका. हृदयाच्या डॉक्टरांनाही कळवा, म्हणजे पुढच्या तपासणीत ते पेसमेकरची नोंद पाहतील.

नवा मास्क निवडताना नाकाखाली बसणारा, साध्या क्लिपांचा, लहान आकाराचा असं तिन्ही बघा. दात नसताना काही चेहऱ्यांवर फुल फेसपेक्षा फक्त नाकाचा मास्क चांगला बसतो, पण तोंडाने हवा जात असेल तर तो उपयोगाचा नाही.

श्वासमापी

चुंबकाचा मुद्दा पहिल्याच उत्तरात यायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे.

नव्या मास्कला दोन गोष्टी जोडून सांगतो. खालचे पट्टे वरच्यांपेक्षा घट्ट ठेवायचा मोह होतो, कारण तोंडाची गळती तिथेच थांबते असं वाटतं. फुल फेस मास्कचे खालचे पट्टे फार ओढले तर जबडा मागे ढकलला जातो, जीभही मागे जाते आणि ज्या अडथळ्यासाठी हवा देतोय तोच वाढतो. मग ऑटो यंत्र दाब चढवतं, दाबाने गळती वाढते, माणूस पुन्हा आवळतो. फुल फेसवरून वेगळा हनुवटीपट्टा लावणंही याच कारणाने टाळा.

दुसरं म्हणजे नळी. कुशीवर वळल्यावर नळीचं वजन मास्कला एका बाजूला ओढतं आणि विरुद्ध गालावर फट पडते. नळी पलंगाच्या डोक्याकडून वरून आणा आणि दोन्ही कुशींवर वळता येईल इतका झोल सोडा. उशीची कड मास्कला ढकलत असेल तर बाजूला खाच असलेली उशी घ्या, किंवा गाल उशीच्या काठावर येईल असं झोपा, म्हणजे मास्क काठाबाहेर राहील.

पाणकळा

आणि स्वच्छता, कारण सगळं बरोबर करूनही तेलकट कुशन सरकतं. झोपण्यापूर्वी बाबांनी चेहरा धुवायचा, त्यावर क्रीम नाही. दाढीचे खुंट असतील तर तेही काढायचे. कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात, बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात सिलिकॉन कडक होतं. स्पिरिट किंवा ब्लीच नको. हेडगिअर आणि नळी आठवड्यातून एकदा. हेडगिअरचं वेल्क्रो शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही सैल वाटत असेल तर लवचीकपणा संपलाय, ते बदला. कुशन पिवळं, धुरकट किंवा कडक झालं तर तेही.

मास्कच्या बारीक भोकांतून किंवा जाळीतून येणारी हवा ही गळती समजून त्यावर टेप लावू नका. सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो.

वाटसरू

क्लिपा बदलून मिळणार आहेत, नाकाखाली बसणारा लहान मास्कही बघायला मागवलाय. तो आल्यावर आकड्यांत काय बघायचं?

निद्रातंत्र

तुमचं यंत्र भोकांतून जाणारी हवा वजा करून फक्त नको असलेली गळती दाखवतं. ९५ टक्क्यांचा आकडा २४ लिटर प्रति मिनिटच्या खाली आला पाहिजे. सध्याचा ३८ म्हणजे बराच जास्त आहे. गळती मोठी असताना यंत्राला श्वासाचा प्रवाह नीट मोजता येत नाही, त्यामुळे आत्ताच्या ३.४ एएचआयवर पूर्ण विसंबू नका. ५ च्या खालचा एएचआय चांगला धरतात, पण तो कमी गळतीच्या रात्रींचा हवा.

मास्क आणि यंत्राची सेटिंग एकाच वेळी बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. यंत्रात मास्कचा प्रकार मात्र नव्या मास्कप्रमाणे निवडा, कारण गळतीचं गणित त्यावर अवलंबून असतं. दोन आठवड्यांचे आलेख झाले की डॉक्टरांना दाखवा. गळती कमी झाल्यावर ९५ टक्क्यांचा दाबही खाली येतो का ते बघतील आणि कमाल १४ ठेवायचा की बदलायचा हे तेच ठरवतील. तोवर बाबांनी पहाटे डोळ्यांत हवा आली तर पट्ट्यांना हात न लावता मास्क बाहेर ओढून पुन्हा टेकवायचा. ही एक सवय दिवसा जागेपणी, मास्क लावून टीव्ही बघताना वगैरे, करून घ्या, म्हणजे अर्धवट झोपेतही हात पट्ट्यांकडे न जाता मास्ककडे जाईल.