मदत हवी आहे : जास्त प्रखर एलईडी पिक्सेलसाठी कोणता प्रोटोकॉल?

नमस्कार मंडळी. प्रत्येकी ३ वॅटचे ३०० आरजीबी पिक्सेल (लाल-हिरवा-निळा एलईडी असलेले दिवे) स्वतंत्रपणे चालवायचे आहेत, पुरवठा २४ व्होल्ट. दोन पिक्सेलमधलं अंतर सुमारे २ मीटर, आणि खरी अडचण तिथेच आहे.

डब्ल्यूएस२८११ (पिक्सेल चालवणारी चिप) स्वस्त, एकाच डेटा तारेवर चालतो. एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे ३०० पिक्सेलना ९ मिलिसेकंद. वेगाची तक्रार नाही. पण त्याचं आउटपुट जेमतेम १८.५ मिलिअँपिअर, त्यामुळे प्रत्येक रंगाला वेगळा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (एलईडीला स्थिर विद्युतप्रवाह देणारं सर्किट) लागेल. शिवाय ८ बिटमुळे (प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पातळ्या) मंद प्रकाशात पायऱ्या स्पष्ट दिसतात. मला तेच सर्वांत खटकतं, कारण काम संथ फेडचं, म्हणजे प्रकाश हळूहळू कमी-जास्त करण्याचं आहे.

एपीए१०२ या दुसऱ्या चिपमध्ये ५ बिटचं वेगळं ब्राइटनेस नियंत्रण मिळतं, पण क्लॉक (डेटाची वेळ जुळवणारा सिग्नल) आणि डेटा इतक्या लांब तारांवर टिकतील का? डीएमएक्स५१२ (रंगमंचाच्या दिव्यांचा प्रोटोकॉल) आरएस-४८५ वर, म्हणजे लांब अंतरासाठीच्या दोन-तारी सिग्नलवर असल्याने अंतराची चिंता नाही. मात्र ९०० चॅनेल म्हणजे दोन युनिव्हर्स (प्रत्येकी ५१२ चॅनेलपर्यंतचा गट), आणि पत्ते देण्याचा व्याप.

१६ बिट पीडब्ल्यूएमचा (एलईडी वेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी-जास्त करण्याची पद्धत) पिक्सेल ड्रायव्हर कुणी एवढ्या अंतरावर वापरलाय का? की डब्ल्यूएस२८११ चाच डेटा आरएस-४८५ ट्रान्सीव्हरमधून (सिग्नल पाठवणारी-घेणारी चिप) पाठवावा? प्रत्यक्ष अनुभव असेल तर तारेचा प्रकार आणि लांबीही कृपया सांगा.